चालू घडामोडींवर विचारपूर्वक मत मांडायला मुलांना कसं शिकवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आठवी ते बारावीच्या मुलांसाठी आम्ही चालू घडामोडींचा वर्ग घेतो. शाळांमधले शिक्षक, पालक आणि अधूनमधून मुलंही त्याबद्दल विचारत असतात. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळी वाचायची गरज नाही, हव्या त्या प्रश्नावर थेट गेलात तरी चालेल.

१. बातमीवर मत तर सगळेच देतात. त्यात शिकवण्यासारखं काय आहे?

मत द्यायला शिकवावं लागत नाही, हे खरं. शिकवावं लागतं ते त्याच्या आधीचं. 'हा रस्ता झालाच पाहिजे' असं एखादा मुलगा म्हणाला की आम्ही त्याला विचारतो, "हे तुला कसं कळलं?" कुठे वाचलंस, कुणी सांगितलं, स्वतः पाहिलंस, की घरात सगळे म्हणतात म्हणून? यातलं कुठलंही उत्तर चुकीचं नाही. पण ते प्रामाणिकपणे देता यायला लागलं की बोलणं बदलतं. 'सगळेच', 'कधीच', 'नेहमीच' हे शब्द कमी होतात आणि 'मी वाचलेल्या बातमीनुसार' अशी वाक्यं सुरू होतात. आमचा सगळा वर्ग या एका प्रश्नाभोवती चालतो.

वक्तृत्व स्पर्धेची तयारी ही वेगळी गोष्ट आहे. तिथे बाजू आधी ठरते आणि मुद्दे नंतर गोळा होतात. धीटपणा यायला ती उपयोगी पडते, पण चालू घडामोडींच्या तासाला तिची सवय मोडावी लागते. टाळ्या घेणारं वाक्य आलं की आम्ही तिथेच थांबवतो आणि त्यामागचा आधार विचारतो.

२. कितवीपासून सुरुवात करावी?

पाचवी-सहावीच्या मुलांकडून मताची अपेक्षा नको. काय घडलं, कुठे, कुणाच्या बाबतीत, हे बातमीत न बघता स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तरी त्या वयाला पुष्कळ झालं. मत लिहायला आठवीपासून लावावं. अकरावी-बारावीत पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांनीही आधी महिनाभर फक्त 'काय घडलं' एवढंच करावं. तो टप्पा कुणालाही चुकत नाही.

३. रोज कोणतं वर्तमानपत्र वाचायला लावू?

रोज वाचायला लावू नका. आठवड्यातून एकदा एकच बातमी दोन वर्तमानपत्रांत वाचायला लावा, त्यातलं एक तरी छापील असू द्या. मथळ्यात कोणता शब्द वेगळा आहे, कुणाची प्रतिक्रिया आधी घेतली आहे, कोणता आकडा एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, एवढं वहीत टिपून ठेवायचं. शिवाय महिन्याला एक विषय धरून त्याचा माग काढायचा. बातमी आज आली आणि उद्या गेली, पण पुढे काय झालं हे बघण्याची सवय मोठ्यांनाही कमी असते.

पुण्याला या कामाचा मोठा वारसा आहे. 'केसरी' १८८१ साली इथे सुरू झाला. गोपाळ गणेश आगरकर त्याचे पहिले संपादक. टिळकांशी मतभेद झाल्यावर ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढलं. त्या काळात या शहरातला वाचक एकाच प्रश्नावर एकाच आठवड्यात दोन तोडीची, परस्परविरोधी मतं वाचू शकत होता. आपल्या मुलांनाही तेवढं मिळायला हवं.

४. बातमीतली माहिती आणि मत यांतला फरक मुलांना समजत नाही. कसा दाखवायचा?

यावर आम्ही सर्वात जास्त वेळ देतो. साधन साधं आहे: बातमीचं कात्रण आणि तीन रंगांच्या पेन्सिली. माहितीला एक रंग, मताला दुसरा आणि 'अमुक माणूस असं म्हणतो' याला तिसरा.

पावसाळ्यात पुण्यात घरोघरी वाचली जाणारी बातमी घ्या. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकत्रित क्षमता सुमारे २९ टीएमसी. टीएमसी म्हणजे काय, हे आधी विचारा. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. नदीत सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये सांगतात आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, त्या दिवशी खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला होता. हा गुणाकार मुलांना फळ्यावर करू द्या. सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर हे उत्तर आलं की वर्गातली कुजबुज थांबते. आकडा नुसता वाचणं वेगळं आणि तो कळणं वेगळं.

आता तीन वाक्यं घ्या. 'विसर्ग ३५ हजार क्युसेक करण्यात आला' ही माहिती. 'प्रशासन झोपलं होतं' हे मत. आणि 'वेळेवर सूचना मिळाली नाही, असा रहिवाशांचा आरोप आहे'? मुलं इथे अडखळतात. रहिवाशांनी आरोप केला ही माहिती आहे. आरोप खरा आहे का, हे त्या वाक्यातून कळत नाही. ते कळायला सूचना कधी निघाली, कुणाला पाठवली आणि लोकांपर्यंत कशी पोहोचली, हे शोधावं लागतं. या तिसऱ्या रंगाची ओळख पटलेलं मूल पुढे कुठलीही बातमी वाचताना सहज फसत नाही.

पुराचा विषय निघाला की कुणीतरी आजी-आजोबांकडून ऐकलेली, १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून आलेल्या पुराची आठवण सांगतं. ती कोणत्या रंगात रंगवायची, असं आम्हाला विचारतात. तिसऱ्या. प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं सांगणं मोलाचं आहे, फक्त कोण सांगतंय ते वाक्यात आलं पाहिजे.

५. 'तुला काय वाटतं?' विचारलं की मुलं 'काही नाही' म्हणतात. मग?

तो प्रश्नच फार मोठा आहे. 'यात कुणाचं काय बिघडलं आणि कुणाचं काय सुधारलं?' असं विचारून बघा. १ जून २०२५ पासून पीएमपीचं (पुण्याच्या शहर बससेवेचं) किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झालं. मुलांना माणसांची यादी करायला सांगा. दोन बस बदलून घरकामाला येणाऱ्या मावशी, पास काढणारी कॉलेजची मुलं, तोट्यात चालणारी पीएमपी, तिथले चालक-वाहक, तिकीट वाढल्यावर दुचाकी घ्यायचा विचार करणारा माणूस आणि त्या दुचाकीमुळे वाढणारी गर्दी. यादी सातआठ माणसांपर्यंत गेली की गप्प बसलेली मुलंही बोलायला लागतात, कारण त्यांपैकी एखादं माणूस त्यांच्या घरातलं असतं.

६. लिहायचं किती आणि कसं?

दीडशे शब्द पुरे. वर्तमानपत्रातलं वाचकांचं पत्र डोळ्यांसमोर ठेवा. पहिल्या दोन वाक्यांत काय घडलं ते, मग वाद नेमका कशावर आहे ते, मग स्वतःचं म्हणणं आणि त्याचं सर्वात भक्कम एक कारण. तीन कच्च्या कारणांपेक्षा एक पक्कं बरं. त्यानंतर समोरच्याचा सर्वात चांगला मुद्दा आणि त्यावर आपलं उत्तर (हे कसं शिकवायचं ते प्रश्न ८ मध्ये). शेवटचं वाक्य आमच्याकडे सक्तीचं आहे: 'कोणती माहिती मिळाली तर मी माझं मत बदलीन.'

सुरुवातीला मुलांना या वाक्याचा राग येतो. आपण हरलो असं वाटतं. पण दुसऱ्या कशातून इतकं शिकणं होत नाही, म्हणून आम्ही ते सोडत नाही. हे वाक्य लिहिता येत नसेल तर मत अजून तयार झालेलं नाही, असं समजावं.

७. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या गोष्टींवर मुलं मत लिहून आणतात. तो आधार धरायचा का?

निरोप तपासल्याशिवाय नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा काय खायचं, काय टाळायचं, कुणाजवळ जायचं नाही, असे कितीतरी निरोप फिरत होते. हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही, ही साधी गोष्टही त्या गर्दीत हरवली होती. निरोप पुन्हा पुन्हा वाचून तो खरा की खोटा हे कळत नसतं. त्यातून बाहेर पडून तीच गोष्ट दुसरीकडे कोण सांगतंय ते पाहायचं. आरोग्य विभागाचं किंवा महापालिकेचं पत्रक आहे का? तारीख कोणती? चित्र जुन्या घटनेचं तर नाही ना? पाच मिनिटांत काहीच सापडलं नाही, तर 'मला याची खात्री करता आली नाही' एवढंच लिहायचं. त्या वाक्याला आमच्याकडे पूर्ण गुण आहेत.

८. विरुद्ध बाजू लिहायला लावल्यावर मुलं गोंधळत नाहीत का? माझी मुलगी आता कशावरच ठाम राहत नाही.

काही दिवस असं होतं. त्याची काळजी करू नका.

आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती, म्हणजे समोरच्याचं म्हणणं नीट सांगायचं आणि मगच आपलं उत्तर द्यायचं. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकारही सांगितले आहेत: खरं काय ते शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसतं समोरच्याचं खोडण्यासाठी वितंडा. एखादी चर्चा ऐकवून ती यांपैकी कशात बसते, हे आठवीची मुलंही बरोबर ओळखतात.

वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित बालभारती ते पौड फाटा रस्त्याचं उदाहरण घेऊ. विधी महाविद्यालय रस्त्यावरची कोंडी कमी होईल, हा महापालिकेचा मुख्य मुद्दा. टेकडीवरची झाडं, पक्षी आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरण्याची तिची क्षमता यांना धक्का लागेल आणि कोंडी दुसऱ्या चौकात सरकेल, हे विरोध करणाऱ्या नागरिकांचं म्हणणं. रस्त्याच्या बाजूच्या मुलाने टेकडीवाल्यांची बाजू लिहायची आणि ती टेकडीच्या बाजूच्या मुलीने तपासायची. "हो, मला हेच म्हणायचं होतं," असं ती म्हणाली की लेखन कसोटीला उतरलं. तोवर पुन्हा लिहायचं. समोरच्याला 'विकासविरोधी' किंवा 'बिल्डरचा माणूस' म्हणून मोकळं होता येत नाही, हे मुलांना इथे आपणहून समजतं.

तुमच्या मुलीबद्दल सांगायचं तर ठामपणा परत येतो. आधीचा ऐकीव होता, आता येईल तो तिचा स्वतःचा असेल.

९. जात, धर्म, निवडणुका हे विषय वर्गात घ्यायचे का? नकोच ते, असं आमच्या शाळेत म्हणतात.

घ्यावेत, पण पहिल्या महिन्यात नाही. मुलं हे विषय घरी, रिक्षात, मोबाईलवर ऐकतच असतात. वर्ग तेवढा गप्प राहिला तर नीट बोलायची जागा कुठेच उरत नाही.

आम्ही जुन्या वादापासून सुरुवात करतो. १८९१ चा संमतिवयाचा कायदा हा आमचा आवडता धडा आहे. मुलींचं संमतिवय दहावरून बारा करण्याला आगरकरांचा पाठिंबा होता. परक्या सरकारने आपल्या समाजात कायद्याने ढवळाढवळ करू नये, अशी टिळकांची भूमिका होती. सव्वाशेहून जास्त वर्षं उलटली आहेत, त्यामुळे मुलं न चिडता बोलू शकतात. तरी सुधारणा आधी की स्वराज्य आधी, समाजाने बदलावं की कायद्याने बदलवावं, हे प्रश्न आजचेच असतात. तिथे हात बसला की आजच्या बातमीकडे वळता येतं.

आजच्या बातमीसाठी नियम एकच: निर्णयावर बोलायचं, माणसांच्या गटावर नाही. 'हा निर्णय मला अन्यायाचा वाटतो, कारण...' चालेल. 'ते लोक असेच असतात' म्हटलं की चर्चा तिथेच थांबते आणि 'ते म्हणजे नेमके कोण, आणि तुला हे कसं कळलं?' याचं उत्तर द्यावं लागतं. निवडणुकीच्या काळात कुणाला मत द्यावं हा विषय वर्गात नको. जाहीरनाम्यातलं एखादं आश्वासन घेऊन त्याला पैसे कुठून येतील, यावर मात्र खुशाल बोला.

१०. शिक्षकांनी स्वतःचं मत सांगावं का? सांगितलं तर पालक तक्रार करतात.

सुरुवातीला सांगू नये. गुण देणाऱ्या माणसाचं मत कळलं की अर्धा वर्ग तिकडे झुकतो. चर्चा संपल्यावर मुलांनी विचारलं, तर कारणांसह सांगावं आणि आपल्याविरुद्धचा सर्वात चांगला मुद्दाही सांगावा. काहीच न सांगणारे शिक्षक मुलांना खोटे वाटतात, असं आमचं मत आहे. आमच्यातल्या काहींना ते पटत नाही.

पालकांच्या तक्रारीसाठी मुलांच्या वह्या जपून ठेवा. दोन्ही बाजूंचं लेखन समोर ठेवलं की बहुतेक पालक शांत होतात.

११. वर्गातल्याच एखाद्या मुलाच्या घरावर बातमीचा परिणाम झालेला असेल तर?

घरात पाणी शिरलं, वस्ती हलवली, वडिलांची नोकरी गेली, अशी मुलं वर्गात असतातच. त्यांना साक्षीदार म्हणून उभं करू नका. आधी एकट्याला विचारा. त्याला बोलायचं असेल तर बोलू द्या, नाहीतर तो विषय त्या आठवड्यात घेऊच नका.

१२. गुन्ह्याच्या बातमीवर, खटला चालू असताना, मुलांनी लिहावं का?

लिहावं, पण इथे कायदा पाळावा लागतो आणि मुलांना तो आधी सांगावा लागतो. बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार कायद्याशी संघर्षात आलेल्या (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या), पीडित किंवा साक्षीदार असलेल्या बालकाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा तपशील उघड करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. 'सगळ्यांना माहीतच आहे' म्हणून सुटका होत नाही आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकलेला फोटोही अडचणीत आणू शकतो.

१९ मे २०२४ ला कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाच्या हातातल्या मोटारीने दोन तरुणांचा जीव गेला आणि जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता, ही बातमी कळली तेव्हा मुलं संतापली होती. राग समजण्यासारखा होता. तो दाबायचा नाही, त्याला प्रश्नांकडे वळवायचं. अल्पवयीनांसाठी वेगळा कायदा मुळात का आहे? गंभीर गुन्ह्यात सोळा वर्षांवरच्या मुलाला प्रौढ म्हणून वागवायचं का, हे कोण ठरवतं? जामीन म्हणजे निर्दोष सुटका का? यांची उत्तरं शोधल्यावर संताप टिकला तर टिकू दे. निदान तो योग्य जागी जातो.

१३. मुलं एआयकडून लिहून आणतात. ओळखायचं कसं?

ओळखण्याच्या मागे लागू नका. वर्गात, हाताने, कात्रण समोर ठेवून लिहायला लावा आणि मग दोन मिनिटं तोंडी विचारा, "हे तुला कसं कळलं?" ज्याने स्वतः विचार केला आहे तो अडखळत का होईना, सांगतो. घरी विरुद्ध बाजूचे मुद्दे सुचवायला एआय वापरलं तर हरकत नाही, मात्र त्याने दिलेला प्रत्येक आकडा प्रश्न ७ मधल्या पद्धतीने तपासायचा.

१४. गुण कसे द्यायचे? आमच्या मताविरुद्ध लिहिलं तर?

मताला गुण नाहीत. आधार, विरुद्ध बाजूची मांडणी, माहिती आणि मत वेगळं ठेवणं आणि शेवटचं वाक्य यांना गुण. तुमच्या मताविरुद्धचा पेपर दुसऱ्या शिक्षकांना दाखवून घ्या. शुद्धलेखनाचे गुण यात मिसळू नका, तो वेगळा तास आहे.

१५. याचा परीक्षेत काही उपयोग आहे का?

दहावीच्या मराठीत वैचारिक लेखन आहे, तिथे लगेच होतो. पुढेही होतो. एमपीएससीच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेचं वर्णनात्मक स्वरूप २०२५ पासून आलं. ते लगेच लागू करू नये म्हणून २०२३ मध्ये पुण्यातल्या उमेदवारांनी आंदोलन केलं होतं. पर्याय निवडण्याच्या तयारीतून स्वतःचं म्हणणं लिहिण्याकडे वळणं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षं बसलेल्यांनाही जड गेलं. ही सवय शाळेत लागलेली बरी.

१६. माहिती कुठेच छापून आलेली नसेल तर मत कसं बनवायचं?

मागवायची. आधी महापालिकेच्या संकेतस्थळावर अंदाजपत्रक आणि निविदा पाहा, मग क्षेत्रीय कार्यालयात विचारा. तिथेही नाही मिळाली तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क १० रुपये, अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. अर्ज पालकांच्या नावाने करा, प्रश्न मुलांना लिहू द्या. 'रस्ते खराब का आहेत?' असं विचारून हाती काही लागत नाही. 'अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्याच्या दुरुस्तीवर या आर्थिक वर्षात किती खर्च झाला आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो?' याला उत्तर द्यावंच लागतं. (दोषदायित्व कालावधी म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने ते स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत.) ही दोन वाक्यं शेजारी ठेवून फरक विचारा, तेवढ्यातच एक तास जातो.

१७. चांगलं लिहिलेलं पत्र वर्तमानपत्राला पाठवावं का? नावासकट?

पाठवावं. छापून येतं तेव्हा मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो. आधी पालकांची परवानगी घ्या. नाव आणि शहर पुरेसं आहे, शाळा, इयत्ता आणि फोटो छापायला देऊ नका. संपादकांनी काटछाट केली तर मूळ आणि छापील पत्र दोन्ही वहीत चिकटवायला सांगा, म्हणजे काय गेलं आणि का गेलं असेल, यावर बोलता येतं. आठ दिवसांनी कुणी उत्तरादाखल पत्र लिहिलं आणि ते विरोधी निघालं, तर पुढच्या तासाचा विषय तेच पत्र.